दुखणं जिभेत, ठणका कानात

जिभेच्या कडेला न भरणारी जखम आणि ठणका मात्र कानात, हे तोंडाच्या कर्करोगात नवलाचं नाही. माणूस कानात थेंब टाकत बसतो, नाही तर दाढेवर संशय घेऊन ती काढून येतो. आपल्या यवतमाळ जिल्ह्यात हे नीट समजून घ्यायला हवं, कारण वणीपासून उमरखेडपर्यंत पानठेल्यावर पन्नीत घोटलेला खर्रा मिळतो. सुपारी, तंबाखू, चुना; गालात धरला की तासाची निश्चिंती. राज्यात २०१२ साली गुटख्यावर बंदी आली, खर्र्याची सवय काही सुटली नाही.

कानाचं कोडं शरीररचनेत सुटतं. चेहऱ्याची संवेदना मेंदूकडे नेणाऱ्या ट्रायजेमिनल मज्जातंतूची तिसरी शाखा खालचा जबडा, दात, जिभेचा पुढचा भाग आणि कानालगतची कातडी या सगळ्यांची खबर एकाच वाटेनं पोहोचवते. एकाच थैलीत आलेल्या पत्रांवर गावाचं नाव पुसट असावं, तसं मेंदूचं होतं.

खरी अडचण वेगळी आहे. हा रोग सुरुवातीला बहुधा दुखतच नाही. पांढरा चट्टा, बारीकसा व्रण, आणि ‘दुखत नाही ना, मग राहू दे’ हा आपला सर्व रोगांवरचा निकाल. दुखायला लागतं तोवर गाठीचं आणि मज्जातंतूंचं बरंच काही ठरून गेलेलं असतं.

गाठ वाढली, नस दाबली गेली, म्हणून दुखलं, असं आपण समजतो. दाबही असतो, पण तेवढ्यानं भागत नाही. कर्कपेशी आणि त्यांच्याभोवती जमलेल्या प्रतिकारपेशी आम्ल, एंडोथेलिन, प्रथिनं तोडणारी विकरं अशी रसायनं सोडत राहतात. मज्जातंतूच्या टोकांवर टीआरपीव्ही-१ नावाचा ग्राहक असतो. डेव्हिड ज्युलियस यांच्या गटानं तो १९९७ मध्ये शोधला आणि २०२१ च्या नोबेलमध्ये त्या कामाचा वाटा होता. मिरचीतलं कॅप्सायसिन, चटका देणारी उष्णता आणि आम्ल या तिन्हींनी तो उघडतो. म्हणजे ठेच्यानं जीभ पोळते तोच दरवाजा गाठ आतून ढकलत असते, तेही घास तोंडात नसताना. मग टोकं इतकी हळवी होतात की भाकरीचा तुकडा लागला, दोन शब्द बोलले, तरी कळ येते.

याहून विलक्षण गोष्ट म्हणजे गाठ मज्जातंतूंना बोलावून घेते. १९४८ साली एल्मर ब्युकर यांनी कोंबडीच्या भ्रूणात उंदराची गाठ बसवली, तर संवेदी तंतू तिच्यात शिरलेले दिसले. रीटा लेव्ही-मोंताल्चिनी यांनी अमेरिकेत सेंट लुईसला त्याचा पाठपुरावा केला. गाठ भ्रूणाला थेट न चिकटवता बाहेरच्या पडद्यावर ठेवली, तरी तंतू फोफावले. म्हणजे गाठीतून काहीतरी झिरपत होतं. तेच ‘नर्व्ह ग्रोथ फॅक्टर’. त्यासाठी त्यांना स्टॅन्ली कोहेन यांच्यासोबत १९८६ चं नोबेल मिळालं. कर्करोगाच्या वेदनेतला एक मुख्य आरोपी मुळात गाठीतच सापडला होता, हे मला फार बोलकं वाटतं. पुढे हाडांच्या कर्करोगावरच्या उंदरांतल्या प्रयोगांत गाठीभोवती नव्या तंतूंची वेडीवाकडी जाळी दिसली, आणि हे रसायन अडवलं तेव्हा वेदना उतरली.

देवघेव उलटीही चालते. कर्कपेशी मज्जातंतूच्या आवरणालगत सरकत दूरवर जातात. बायोप्सीच्या किंवा शस्त्रक्रियेनंतरच्या अहवालात ‘पेरिन्यूरल इन्व्हेजन’ असं लिहून आलं, की रोग परतण्याची भीती वाढते आणि डॉक्टर रेडिएशनचा विचार करतात. खालचा ओठ किंवा हनुवटी अकारण बधिर होणं ही अशा शिरकावाची खूण असू शकते. तोंड आणि घशाच्या कर्करोगात पी-५३ हे राखणदार जनुक बिघडलं, की गाठ शेजारच्या संवेदी मज्जातंतूचा स्वभावच पालटून टाकते आणि तो तिच्या वाढीला हातभार लावतो, असं २०२० मध्ये ‘नेचर’मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनातून दिसलं.

यवतमाळचं शासकीय वैद्यकीय महाविद्यालय १९८९ पासून आहे. पुढच्या उपचारांसाठी बरीच कुटुंबं सेवाग्राम किंवा नागपूर गाठतात. या धावपळीत रोगावर बोलणं होतं, वेदनेवर होत नाही. कर्करोग आहे म्हटल्यावर दुखणारच, असं घरचे धरून चालतात, आणि कधी कधी डॉक्टरही. जागतिक आरोग्य संघटनेनं वेदनाशमनाची पायऱ्यांची पद्धत १९८६ मध्येच मांडली. तिच्या वरच्या पायरीवरचं मॉर्फिन ज्या अफूपासून बनतं ती शेजारच्या मध्य प्रदेशात, नीमच-मंदसोरकडे सरकारी परवान्यावर पिकते. पण १९८५ च्या अमली पदार्थ कायद्यानं परवान्यांचं असं जंजाळ झालं, की रुग्णालयं ते ठेवायलाच बिचकू लागली. २०१४ च्या दुरुस्तीनं वाट सोपी केली. भीती मात्र अजून पुरती गेलेली नाही.

डॉक्टरला ‘खूप दुखतं’ एवढंच सांगून भागत नाही. ठणका असेल तर सूज उतरवणारी औषधं आणि मॉर्फिन कामी येतात. विजेसारखी चमक, आग, झिणझिण्या असतील तर मज्जातंतूच दुखावलेला असण्याची शक्यता जास्त. तिथे गॅबापेंटिन किंवा अमिट्रिप्टिलिनची जोड लागते. मॉर्फिनची साधी गोळी दुखायची वाट न पाहता घड्याळाप्रमाणे, साधारण दर चार तासांनी द्यायची असते. बद्धकोष्ठ होतोच, म्हणून पोट साफ करणारं औषध पहिल्या दिवसापासून सोबत हवं. आणि चावताना कळ येणाऱ्या रुग्णाला एखादी मात्रा जेवणाच्या अर्धा तास आधी देता येईल का, हे डॉक्टरला जरूर विचारावं. त्या अर्ध्या तासावर चार घास पोटात जाणं अवलंबून असतं.