भांग, गांजा आणि मेंदूतली उलटी हाक : गैरसमज आणि वस्तुस्थिती

आमच्या बऱ्हाणपूर भागातल्या फोपनारच्या शिवारात ठिबक येण्याआधी केळीला पाटाने पाणी द्यावं लागे. एक जण विहिरीवर मोटरीपाशी उभा, दुसरा बागेच्या पार टोकाला दारं धरून. पाणी मोटरीकडून बागेकडे यायचं. शेवटचा वाफा भरला की हाक बागेकडून मोटरीकडे जायची, "बंद कर रेऽऽ!" पाण्याची वाट एक, हाकेची वाट बरोबर उलटी.

मेंदूतही अशीच एक उलटी हाक जाते. भांग आणि गांजा ज्या ठिकाणी काम करतात, ते ठिकाण ही हाक ऐकणारं आहे. एवढी एक गोष्ट नीट कळली तर या पदार्थांबद्दलचे आपले बरेच गैरसमज गळून पडतात. शिवरात्र आणि होळी आली की आमच्या निमाड-खानदेशच्या पट्ट्यात भांगेचा विषय निघतोच, आणि दोन्ही बाजूंनी ठाम बोललं जातं. एक म्हणतो, "हा तर शंकराचा प्रसाद." दुसरा म्हणतो, "एक घोट घेतला तरी वेड लागतं." दोघांनाही वस्तुस्थिती सांगायला हवी.

गैरसमज १ : गांजातलं द्रव्य मेंदूला परकं असतं, ते मेंदूच्या पेशी जाळतं, म्हणून नशा चढते.

वस्तुस्थिती : नशा पेशी जळल्यामुळे चढत नाही. मेंदूत आधीपासून असलेल्या कुलपात बाहेरची किल्ली बसते, म्हणून चढते. गांजातलं नशेचं मुख्य द्रव्य टेट्राहायड्रोकॅनाबिनॉल, म्हणजे टीएचसी. १९६४ मध्ये इस्राएलमध्ये राफाएल मेशुलाम आणि येहिएल गाओनी यांनी ते शुद्ध रूपात वेगळं करून त्याची रचना ठरवली. ते ज्या ग्राहीवर, म्हणजे पेशीच्या पृष्ठभागावरच्या ज्या कुलपावर बसतं, त्याचा छडा १९८८ मध्ये लागला. त्याला सीबी-१ म्हणतात.

मग प्रश्न आला, की एका रानटी झाडासाठी मेंदूने कुलूप का घडवावं? तर ते झाडासाठी नव्हतंच. १९९२ मध्ये मेशुलाम यांच्याच गटाने मेंदूत तयार होणारी स्वतःची किल्ली शोधली आणि तिला नाव दिलं 'आनंदामाइड'. त्यातला 'आनंद' हा आपल्या संस्कृतातला शब्द आहे. १९९५ मध्ये दुसरी किल्ली सापडली, टू-एजी. मेंदूत तिचं प्रमाण आनंदामाइडपेक्षा कितीतरी जास्त असतं. शरीर स्वतः बनवतं त्या या द्रव्यांना अंतर्जन्य कॅनाबिनॉइड म्हणतात.

गैरसमज २ : मेंदूतला संदेश एकाच दिशेने जातो आणि नशा म्हणजे त्या संदेशांचा वेग वाढणं.

वस्तुस्थिती : इथे थोडं थांबून पाहू, कारण सगळ्या विषयाचा गाभा हाच आहे.

आपल्या मेंदूत सुमारे ८,६०० कोटी चेतापेशी आहेत. एक पेशी दुसरीला संदेश देते ती जागा म्हणजे सायनॅप्स. दोन पेशी तिथे एकमेकींना चिकटलेल्या नसतात. मध्ये सुमारे २० नॅनोमीटरची फट असते, म्हणजे केसाच्या जाडीचा काही हजारावा भाग. पाठवणाऱ्या पेशीच्या टोकाशी रसायनाने भरलेल्या बारीक पिशव्या असतात. विजेचा संकेत टोकाशी पोचला की तिथली कॅल्शियमची दारं उघडतात, कॅल्शियम आत येतं, पिशव्या फुटतात आणि रसायन फटीत सांडतं.

मेंदूत संदेश पुढे ढकलणारं मुख्य रसायन म्हणजे ग्लुटामेट. घेणाऱ्या पेशीवर त्याच्यासाठी वेगवेगळे ग्राही असतात. त्यातले तीन इथे महत्त्वाचे. एएमपीए ग्राही हा तातडीचा दरवाजा : ग्लुटामेट बसलं की लगेच उघडतो आणि पेशी चेतते. एनएमडीए ग्राही जरा चोखंदळ. त्याच्या तोंडाशी मॅग्नेशियमचं बूच असतं. ग्लुटामेटही आलं आणि पेशीही आधीच चेतलेली असली, तरच ते बूच निघतं आणि कॅल्शियम आत शिरतं. दोन गोष्टी एकाच वेळी घडल्या याची ही नोंद असते, आणि शिकणं व लक्षात ठेवणं यांचा पाया तिच्यावर उभा आहे. तिसरा मेटाबोट्रोपिक ग्राही. तो दार उघडत नाही, पेशीच्या आत निरोपांची साखळी सुरू करतो.

आता उलटी हाक. घेणारी पेशी फार चेतली, तिच्यात कॅल्शियम साचलं किंवा मेटाबोट्रोपिक ग्राही जागे झाले, की ती आपल्या आवरणातल्या स्निग्ध द्रव्यापासून जागच्या जागी टू-एजी तयार करते. आधीच साठवून ठेवत नाही, गरज पडली की बनवते. हे टू-एजी फट ओलांडून उलट दिशेने पाठवणाऱ्या पेशीकडे जातं, तिथल्या सीबी-१ वर बसतं, आणि कॅल्शियमची दारं आवळली जातात. पिशव्या फुटणं कमी होतं. वाफा भरला, मोटर बंद. काम झालं की विकरं टू-एजी मोडून टाकतात. २००१ मध्ये अमेरिकेतल्या दोन आणि जपानमधल्या एका गटाने ही उलटी हाक स्वतंत्रपणे दाखवून दिली.

म्हणजे ग्लुटामेट वाढलं की तेच स्वतःचा लगाम तयार करवतं. ही हाक नेमकी असते : त्याच जागी, तेवढ्याच पेशींसाठी, थोड्याच वेळापुरती. गांजा घेतल्यावर काय होतं? कुणी भोंगा लावून सगळ्या शिवारावर तासन्‌तास "बंद कर, बंद कर" ओरडत राहावं, तसं होतं. कुठला वाफा भरला आणि कुठला कोरडा, याचा हिशेबच राहत नाही. आठवणींचं काम पाहणाऱ्या हिप्पोकॅम्पसमध्ये ग्लुटामेट कमी सुटतं, एनएमडीएचं बूच निघायला लागतो तेवढा जोर मिळत नाही आणि नवी नोंद कच्ची राहते. म्हणून नशेतला माणूस वाक्य सुरू करतो आणि मध्येच विसरतो.

गैरसमज ३ : सीबी-१ हा लगाम आहे, तर गांजाने डोकं शांतच होणार.

वस्तुस्थिती : लगाम कशाला लागतो त्यावर ते अवलंबून आहे. मेंदूत शांत करणारंही रसायन आहे, त्याचं नाव गाबा. ते सोडणाऱ्या पेशींच्या टोकांवरही सीबी-१ असतात, काही भागांत तर ग्लुटामेटच्या टोकांपेक्षा कितीतरी दाट. तिथे लगाम ओढला की शांत करणारेच गप्प होतात. म्हणून एकाच भांड्यातली भांग पिऊन एक जण हसत सुटतो आणि दुसरा भीतीने घामाघूम होतो. मात्रा, वय, स्वभाव, आधीची सवय, सगळ्याने फरक पडतो.

गैरसमज ४ : भांग पानांची, म्हणून निरुपद्रवी. गांजा वेगळा.

वस्तुस्थिती : झाड एकच, द्रव्यही एकच. टीएचसी मुख्यतः मादी फुलांवरच्या चिकट राळेत असतं, म्हणून गांजा आणि चरस जास्त कडक. पानांत ते कमी. १९८५ चा अमली पदार्थविरोधी कायदाही गांजा आणि चरस यांना धरतो, शेंड्याविना असलेल्या नुसत्या पानांना नाही. भांगेचं नियमन राज्यांकडे आहे. मध्य प्रदेशात परवान्याची भांगदुकानं आहेत. महाराष्ट्रात परवान्याशिवाय भांग बाळगता येत नाही. पण कायद्याची ही रेघ मेंदूला कळत नाही.

प्यायलेल्या भांगेचा एक वेगळा धोका आहे. धूर काही मिनिटांत मेंदूपर्यंत पोचतो. पोटात गेलेली भांग चढायला अर्धा ते दोन तास घेते, आणि यकृतात तिच्यातल्या टीएचसीपासून आणखी एक जोरकस द्रव्य बनतं. दरवर्षी तेच घडतं : पोरगा थंडाईचा एक पेला घेतो, अर्ध्या तासाने म्हणतो "काहीच झालं नाही," आणि दुसरा रिचवतो. मग दोन्ही पेले एकदम अंगावर येतात. छाती धडधडते, वेळ थांबल्यासारखी वाटते, आपण मरणार असं वाटतं. अशा मुलाला शांत जागी बसवा, एकटं सोडू नका, गाडीला हात लावू देऊ नका. शुद्ध हरपत असेल, छातीत दुखत असेल किंवा लहान मुलाच्या पोटात भांग गेली असेल, तर थेट दवाखाना.

गैरसमज ५ : ग्लुटामेट बुद्धी वाढवतं, तर जितकं जास्त तितकं बरं. किंवा उलट : अजिनोमोटो, म्हणजे ग्लुटामेटचाच क्षार, मेंदू खातो.

वस्तुस्थिती : दोन्ही चूक. खाण्यातलं ग्लुटामेट टोमॅटोत आहे, आईच्या दुधातही आहे. ते बहुतेक आतड्यातच वापरलं जातं, आणि रक्त व मेंदू यांच्यामधला पडदा उरलेल्याला सहजी आत येऊ देत नाही. मेंदू आपलं ग्लुटामेट स्वतः बनवतो.

पण ग्लुटामेटचे ग्राही प्रमाणाबाहेर चेतले तर पेशी मरतात, हे आपल्याच प्रदेशाने भोगलं आहे. विदर्भात जिला लाखोळी म्हणतात आणि मध्य प्रदेशात तिवडा किंवा खेसारी, त्या डाळीत बीटा-ओडॅप नावाचं द्रव्य असतं. ते ग्लुटामेटची नक्कल करून एएमपीए ग्राही चेतवत राहतं. दुष्काळात महिनोन्‌महिने हीच डाळ मुख्य अन्न झाली, की पायांना हुकूम देणाऱ्या चेतापेशी निकामी होत आणि माणूस कायमचा पांगळा होई. रीवा-सतना भागात मजुरांना मजुरी म्हणूनही ही डाळ दिली जाई. भिजवून, उकळून ते पाणी फेकल्यास हे विष बरंच कमी होतं. ग्लुटामेटला लगाम का हवा, हे या पायांवरून समजतं.

गैरसमज ६ : गांजा हमखास वेड लावतो. किंवा उलट : गांजाची सवय लागतच नाही.

वस्तुस्थिती : एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस मध्य प्रांतात गांजाची परवानगीची शेती निमाड जिल्ह्यात खंडव्याच्या आसपास होत असे. बऱ्हाणपूरही तेव्हा त्याच जिल्ह्यात होतं. १८९३-९४ मध्ये सरकारने नेमलेल्या हेम्प ड्रग्ज कमिशनने देशभरात १,१९३ साक्षी नोंदवल्या. वेड्यांच्या इस्पितळांतली दफ्तरं तपासल्यावर त्यांना दिसलं की "गांजामुळे वेड" हे कारण पुष्कळदा पोलिसांच्या कागदावरून जसंच्या तसं उतरवलेलं होतं. माफक सेवनाने सहसा अपाय होत नाही, अतिसेवनाने होतो, असा निष्कर्ष त्यांनी काढला.

पण तो दाखला आज जसाच्या तसा चालणार नाही. अमेरिकेत जप्त झालेल्या गांजात टीएचसीचं सरासरी प्रमाण १९९५ मध्ये सुमारे ४ टक्के होतं, २०१४ मध्ये ते सुमारे १२ टक्क्यांवर गेलं. कडक गांजा रोज आणि कोवळ्या वयापासून घेतला तर मनोविकाराचा धोका वाढतो, घरात तसा इतिहास असेल तर अधिकच. सवयही लागते. अमेरिकेतल्या पाहण्यांनुसार घेणाऱ्यांपैकी साधारण दहातला एक जण तिच्यात अडकतो, किशोरवयात सुरुवात केलेल्यांत सहातला एक. भोंगा सतत वाजत राहिला की मोटरीवरचा माणूस कानात बोळे घालतो, तसे रोज घेणाऱ्याच्या मेंदूत सीबी-१ कमी होतात. मग तेवढ्याच मात्रेने चढत नाही आणि सोडलं की झोप उडते, चिडचिड होते. यातली दिलाशाची गोष्ट अशी, की सुमारे ४ आठवडे दूर राहिल्यास हे ग्राही बहुतांशी पूर्ववत होतात.

गैरसमज ७ : आता गांजापासून औषध निघालंय, म्हणजे ओढायला हरकत नाही.

वस्तुस्थिती : २०१८ मध्ये अमेरिकेत मंजूर झालेलं औषध याच झाडातल्या कॅनाबिडिऑलचं आहे. लहान मुलांतल्या काही बिकट अपस्मारांवर ते मोजून दिलं जातं. कॅनाबिडिऑल सीबी-१ वर टीएचसीसारखं बसत नाही, त्याने नशा येत नाही. झाडात औषध आहे म्हणून चिलीम औषध होत नाही.

कपाळामागचा मेंदू, जिथे विचार करून निर्णय घेतले जातात, तो साधारण पंचविशीपर्यंत घडत असतो. कुठला सायनॅप्स ठेवायचा आणि कुठला छाटायचा, हे तिथे याच बारीक हाकांवर ठरतं. म्हणून शाळा-कॉलेजातल्या मुलांना माझं कळकळीचं सांगणं आहे : त्या हाकांवर भोंगा लावू नका. घरात कुणी आधीच अडकलं असेल तर मारझोड करू नका आणि लपवूही नका. व्यसनमुक्तीसाठी १४४४६ आणि मनाच्या त्रासासाठी १४४१६ हे सरकारी क्रमांक मोफत आहेत. फोन लावा.