सूत्र एकदाच लिहा, पण पारखून घ्या

रक्ततपासणीच्या अहवालात क्रिएटिनिनच्या जोडीला हल्ली बऱ्याचदा ‘ईजीएफआर’ हा आकडा दिसतो. मूत्रपिंडे किती वेगाने रक्त गाळतात, याचा तो अंदाज. तो थेट मोजत नाहीत. क्रिएटिनिन, वय आणि लिंग यांवरून सूत्राने काढतात.

‘सीकेडी-ईपीआय’ हे त्यासाठीचे प्रचलित सूत्र किचकट आहे. त्यात घातांक आहेत, स्त्री-पुरुषांसाठी वेगळे स्थिरांक आहेत. प्रत्येक रुग्णासाठी ते नव्याने लिहायचे तर कुठेतरी चूक होणारच. म्हणून ऑक्टेव्ह किंवा मॅटलॅबसारख्या गणिती सॉफ्टवेअरमध्ये स्वतःचे ‘फंक्शन’, म्हणजेच फलन, तयार करतात. फलनाला नाव द्यायचे, त्याला कोणती माहिती लागेल ते सांगायचे आणि सूत्र एकदाच लिहायचे. पुढे पिठाच्या गिरणीसारखे काम चालते. धान्य बदलते, जाते तेच राहते.

क्रिएटिनिन १.२ असलेल्या दोघांचे उदाहरण घेऊ. २५ वर्षांच्या पुरुषासाठी फलन सुमारे ८६ हे उत्तर देते, तर ६५ वर्षांच्या स्त्रीसाठी सुमारे ५०. हा आकडा तीन महिन्यांहून अधिक काळ ६०च्या खाली राहिला, तर तो मूत्रपिंडाचा दीर्घकालीन विकार मानला जातो. म्हणजे क्रिएटिनिन सारखे असूनही दोघांच्या प्रकृतीचा अर्थ वेगळा.

फलनाचा दुसरा फायदा सूत्र बदलते तेव्हा कळतो. अमेरिकेत तयार झालेल्या २००९च्या सूत्रात कृष्णवर्णीय रुग्णाचे उत्तर १.१५९ने गुणले जाई. त्यामुळे त्याचा आजार कागदावर सौम्य दिसण्याची भीती होती. २०२१च्या सूत्रातून वंशाचा हा निकष वगळला आणि स्थिरांकही नव्याने ठरवले. फलन वापरणाऱ्याला हा बदल एकाच जागी करावा लागतो.

मात्र फलन आज्ञाधारक असते, शहाणे नसते. आपल्याकडे क्रिएटिनिन सहसा मिलिग्रॅम प्रति डेसिलिटरमध्ये देतात. काही देशांत मायक्रोमोल प्रति लिटरमध्ये. तिथे १.२चे होतात सुमारे १०६. हा आकडा तसाच घातला, तर त्याच ६५ वर्षांच्या स्त्रीचे उत्तर एकाहूनही कमी येते आणि सॉफ्टवेअर तक्रार करत नाही.

त्यामुळे फलनात एकके स्पष्ट लिहावीत, अशक्य आकडे नाकारण्याची अट घालावी आणि उत्तर ठाऊक असलेल्या दोन-तीन उदाहरणांवर ते तपासावे. चूकही एकाच जागी असते; ती सुटली, तर प्रत्येक रुग्णाच्या अहवालात उतरते.