पाय आधी, जोर मागून

दहावीच्या वर्गात गतीचे नियम शिकवताना आम्ही मोटारीचे उदाहरण घेतले की मागच्या बाकावरची पोरे एकदम जागी होतात. कोणती स्पोर्ट्‌स कार शून्यापासून शंभरपर्यंत किती सेकंदांत पोहोचते, हे त्यांना पाढ्यांसारखे पाठ असते. पण चालकाने पाय दाबल्यापासून गाडीला खरा जोर येईपर्यंत मध्ये काही वेळ जातो का, असे विचारले की वर्गात शांतता पसरते. टर्बोच्या गाड्यांत हा वेळ जातो आणि त्यालाच टर्बो लॅग म्हणतात. शर्यतीच्या गाड्यांची ही गोष्ट आता आपल्या बिल्डिंगखाली उभ्या असलेल्या छोट्या गाडीतही आली आहे. म्हणून घरातल्या सगळ्यांनी ती समजून घ्यावी, असे आम्हाला वाटते.

गावाकडे चुलीला फुंकणी असते. फुंकर मारली की जाळ भडकतो, कारण जाळाला हवा लागते. इंजिनचेही तसेच आहे. जास्त हवा आत गेली तर जास्त पेट्रोल जळते आणि जास्त ताकद मिळते. टर्बो ही इंजिनची फुंकणी होय. मात्र तिला चालवायला वेगळा माणूस नसतो, इंजिनातून बाहेर पडणारा गरम धूरच ती चालवतो. एका दांड्यावर दोन चाके असतात. धुराने एक चाक फिरते, त्याबरोबर दुसरे फिरते आणि ते ताजी हवा दाबून इंजिनात भरते. लहान टर्बोचे चाक मिनिटाला दीड लाखाहून अधिक फेरे घेऊ शकते. वाया जाणाऱ्या धुराकडून असे काम करून घेण्याची ही कल्पना स्वित्झर्लंडचे अभियंते आल्फ्रेड ब्यूखी यांची. त्यांनी १९०५ साली तिचे पेटंट घेतले.

अडचण या रचनेतच आहे. फुंकणीचा श्वास चुलीतूनच येणार असेल तर जाळ मंद असताना फुंकरही मंदच निघणार. इंजिन सावकाश फिरत असताना धूर थोडा असतो, तेव्हा कितीही पाय दाबा, दाब तयार होत नाही. इंजिन पुरेशा वेगात असले तरी चाकाला फेरे पकडायला काही क्षण लागतातच. खरा लॅग हा दुसरा. बोलताना लोक दोन्हींना एकच नाव देतात, पण फरक ध्यानात ठेवावा. पहिल्या त्रासावर गिअर खाली घेणे हा इलाज आहे, दुसऱ्यावर चालकाच्या हाती धीर धरण्यापलीकडे फारसे काही नसते.

हा धडा जगाला सर्वांत कडक भाषेत शिकवला तो पोर्शे ९११ टर्बोने. कारखान्यात तिचा क्रमांक ९३०. १९७४ च्या पॅरिस प्रदर्शनात ती दिसली आणि १९७५ पासून विक्रीला आली. ३ लिटरचे इंजिन, २६० अश्वशक्ती. १९७८ मध्ये इंजिन ३.३ लिटरचे झाले आणि ताकद ३०० वर गेली. दाबलेली हवा सोसावी म्हणून इंजिनाचा स्वतःचा कॉम्प्रेशन रेशो मुद्दाम कमी, म्हणजे सुरुवातीला ६.५ ठेवला होता. त्यामुळे टर्बो जागा होईपर्यंत ही गाडी अगदी गरीब वाटे. गिअरही चारच होते, पाचवा आला तो १९८९ मध्ये. इंजिन तीनेक हजार फेऱ्यांच्या वर जाईपर्यंत फारसे काही घडत नसे आणि मग एकाएकी सगळी ताकद मागच्या चाकांवर येऊन आदळे.

आता वळणावर काय होई ते पाहा. चालक वळणात शिरतो, पाय दाबतो, जोर येत नाही. तो आणखी दाबतो. वळणाच्या ऐन मध्यावर टर्बो जागा होतो आणि मागची चाके रस्त्यावरची पकड सोडू लागतात. घाबरलेला माणूस काय करतो? झटकन पाय उचलतो. याच गाडीत तेच सर्वांत वाईट ठरते, कारण तिचे इंजिन मागच्या चाकांच्याही मागे बसवलेले आहे. पाय उचलताच भार पुढे सरकतो, मागची चाके हलकी होतात आणि जड मागचा भाग लंबकासारखा बाहेर फेकला जातो. गाडीचे तोंड आले त्या दिशेला वळते. इंग्रजीत या गाडीला ‘विधवा करणारी’ असे नाव पडले, ते यामुळेच. जाणते चालक वेग वळणाआधीच कमी करत, वळणात पाय स्थिर ठेवत आणि वळण संपण्याच्या थोडे आधी पाय दाबत, म्हणजे जोर येईपर्यंत समोर सरळ रस्ता असे.

त्या काळात सगळेच असे करत होते असे नाही. स्वीडनच्या साब कंपनीने १९७८ मध्ये ‘९९ टर्बो’ बाजारात आणली. २ लिटर, १४५ अश्वशक्ती. टर्बो लहान, म्हणजे चाक हलके, म्हणून लवकर फिरणारे. दाब मर्यादेबाहेर जाऊ नये म्हणून जादा धूर बाजूने सोडणारी झडप बसवली होती. शिखराची ताकद कमी, पण रोजच्या रस्त्यावर उपयोगाची. पोरांना पोर्शेच आवडणार. आमचे मत विचाराल तर शहाणपण साबचे. आजच्या घरगुती टर्बो गाड्या तिच्याच वळणावर गेल्या आहेत.

पुढे इलाज निघत गेले. पोर्शेच्याच ९५९ मध्ये दोन टर्बो पाळीपाळीने काम करत. २००६ च्या ९११ टर्बोत धुराची वाट अरुंद-रुंद करणारी हलती पाती आली. आता तर काही गाड्यांत टर्बोच्या दांड्यावरच विजेची छोटी मोटर बसवतात, ती धुराची वाट न पाहता चाक फिरवू लागते. मर्सिडीज-एएमजीने २०२२ मध्ये आणि पोर्शेने २०२४ मध्ये अशा गाड्या आणल्या.

आपल्याकडे टर्बो घरोघर पोहोचला तो डिझेलमधून. फियाटकडून आलेले १.३ लिटरचे इंजिन स्विफ्टसह कितीतरी गाड्यांत होते. कुटुंब भरून, वर सामान बांधून कुंभार्ली घाट चढलेल्यांना त्याचा स्वभाव ठाऊक आहे. तीव्र वळणावर दुसऱ्या गिअरमध्ये इंजिन दीड हजार फेऱ्यांच्या खाली आले की गाडी मान टाकते. पहिला गिअर टाकावा लागतो.

ओव्हरटेक करताना मात्र हिशेब गंभीर होतो. ताशी ६० किलोमीटर म्हणजे सेकंदाला सुमारे १७ मीटर. जोर यायला दीड सेकंद लागला तर तेवढ्यात आपण २५ मीटर पुढे गेलेलो असतो, समोरची गाडीही त्याच वेगात असेल तर तीही २५ मीटर जवळ आलेली असते. पन्नास मीटर गेले आणि ट्रक अजून बाजूलाच. म्हणून गिअर आधी खाली घ्यावा, इंजिन चढू द्यावे, मग बाहेर निघावे. ऑटोमॅटिक गाडीत गिअरबॉक्स स्वतः विचार करतो, तो वेळ वेगळा. कित्येकदा लोक दोष टर्बोला देतात आणि दिरंगाई असते गिअरबॉक्सची.

गाडी घ्यायला जाताना मुले अश्वशक्तीचा आकडा दाखवतील. तो आकडा किती फेऱ्यांवर मिळतो, हे अब्बांनी विचारावे. सर्वाधिक टॉर्क किती फेऱ्यांपासून सुरू होतो, हेही विचारावे, रोजच्या गाडीत तेच महत्त्वाचे. चाचणी घेताना मोकळ्या सरळ रस्त्यावर तिसऱ्या गिअरमध्ये इंजिन १५०० फेऱ्यांवर आणावे, पाय दाबावा आणि मनात मोजावे. हीच चाचणी अम्मीनेही घ्यावी. मुलांना शाळेत सोडायची वेळ तिच्यावरही येतेच. जुनी गाडी घेऊन तिची ताकद रिमॅप करून वाढवण्याची टूम निघाली आहे, तिला आमचा साफ नकार आहे. ताकद वाढते, पण ब्रेक आणि टायर जुनेच राहतात.

टर्बोच्या दांड्याला वंगण मिळते ते इंजिनच्याच तेलातून. सकाळी गाडी सुरू करताच पाय दाबू नये, तेल पोहोचू द्यावे. घाट चढून आल्यावर लगेच चावी फिरवून बंद करू नये, मिनिटभर चालू ठेवावी, नाहीतर तापलेल्या दांड्यावर तेल जळून कोळसा धरते. आणि तेल बदलायची तारीख दुकानदाराच्या वहीत नव्हे, आपल्या घरच्या कॅलेंडरवर लिहावी.