वाचून दाखवलेले, लिहून ठेवलेले

कर्नाटकातल्या जोयडा तालुक्याला जुनी माणसे अजून सुपा तालुका म्हणतात. सुपा हे तालुक्याचे ठाणे होते; कचेरी, बाजार, सरकारी दप्तर सगळे तिथे. काळी नदीवर 101 मीटर उंचीचे धरण उभे राहिले, ते 1987 साली पुरे झाले आणि सुपा गाव पाण्याखाली गेले. कचेरी जोयड्याला आली. युरोपातल्या जुन्या शहरांत व्यापारी आणि कारागीर संघांची पाचपाचशे वर्षांची सभागृहे दाखवतात. आपल्याकडे तशी वास्तू कुठे आहे, असा प्रश्न सुप्याकडचा माणूस विचारतो, तेव्हा तो केवळ कुतूहलाचा नसतो; त्याचे स्वतःचे ठाणेच पाण्याखाली गेलेले असते.

उत्तराची सुरुवात नाशिकच्या पांडवलेण्यांतून करावी लागते. तिथले दहा क्रमांकाचे लेणे क्षहरात राजा नहपानाचा जावई उषवदात याने भिक्षुसंघाला दान दिले. काळ इसवी सनाच्या पहिल्या-दुसऱ्या शतकातला. ओसरीत घंटेच्या आकाराच्या शीर्षांचे खांब आहेत. पाहणारे ते पाहतात, फोटो काढतात आणि भिंतीवरचा लेख न वाचता पायऱ्या उतरतात. खरे धन त्या लेखात आहे. उषवदाताने 3000 कार्षापणांची ठेव गोवर्धन नगरातल्या विणकरांच्या श्रेणींकडे, म्हणजे व्यवसायसंघांकडे, ठेवली: एका श्रेणीकडे 2000, दरमहा शेकडा एक दराने, दुसरीकडे 1000, दरमहा शेकडा पाऊण दराने. मुद्दल परत घ्यायचे नाही, फक्त व्याज वापरायचे. पहिल्या ठेवीचे व्याज महिन्याला 20, म्हणजे वर्षाला 240 कार्षापण. आणि लेखात म्हटले आहे की वीस भिक्षूंना प्रत्येकी बारा कार्षापण वस्त्रासाठी द्यावेत. हिशेब एका नाण्याचाही चुकत नाही.

राजाचा जावई आपली कायमची ठेव विणकरांच्या हाती सोपवतो, यावरून त्या श्रेणींची पत कळते. आणि पत कशावर उभी होती तेही लेखच सांगतो. हा सगळा व्यवहार निगमसभेत जाहीर ऐकवला गेला आणि रिवाजाप्रमाणे दप्तरी नोंदवला गेला. म्हणजे गोवर्धनाला शहराची सभा होती, तिचे दप्तर होते, आणि चार लोकांसमोर वाचल्याखेरीज दान पक्के होत नसे. ती सभा जिथे भरे ती वास्तू बहुधा लाकडाविटांची असणार. तिचा आज मागमूस नाही. डोंगरातले लेणे टिकले, कारण ते खडकातले होते. माझ्या मते आपल्या नागरी वास्तूंचा इतिहास इथेच निसटतो. आपण खांब शोधत राहतो, आणि सभा मात्र शिलालेखात असते.

नाशिक एकटे नाही. तिथल्याच एका नंतरच्या लेखात, आभीर राजा ईश्वरसेनाच्या काळात, कुंभार, तेली आणि पाण्याची यंत्रे करणारे यांच्या श्रेणींकडे ठेवी ठेवल्या आहेत. जुन्नरला धान्यव्यापाऱ्यांच्या श्रेणीने स्वतःच सात खोल्यांचे लेणे आणि पाण्याची पोढी, म्हणजे टाके, कोरवून दिली. संघाने आपल्या नावाने वास्तू उभारल्याचा याहून जुना पुरावा आपल्या मुलखात मला तरी माहीत नाही.

जोयड्याला जवळचे उदाहरण हवे तर बेळगाव. किल्ल्यातली कमल बस्ती, म्हणजे जैन मंदिर, 1204 सालची, रट्ट राजा चौथ्या कार्तवीर्याच्या काळातली. मंडपाच्या छतातून खाली झुकलेले दगडी कमळ पाहताना मान दुखते, तरी नजर हलत नाही. त्याच्या बहात्तर पाकळ्या भूत, वर्तमान आणि भविष्यातल्या प्रत्येकी चोवीस तीर्थंकरांच्या मानल्या जातात. पण बेळगावच्या त्याच वर्षीच्या लेखात या कमळाइतकीच मोलाची गोष्ट आहे. रट्टांच्या जिनालयासाठी स्थानिक व्यापारी आणि त्यांच्यासोबत लाट व मलयाळ देशांहून येऊन राहिलेले व्यापारी एकत्र जमून आपल्या मालावर देणगी ठरवतात. गुजरातचा आणि केरळचा माणूस बेळगावात बसून एका मताने कर लावून घेतो! ऐहोळेच्या पाचशे स्वामींचा जो विशाल व्यापारी संघ तेव्हा दख्खनभर पसरला होता, त्याचे लेख मिरज-कोल्हापूरकडेही सापडतात. या संघांचे वेगळे सभागृह शोधू नये. देवळाचा मंडपच त्यांची बैठक, देवळाची भिंतच त्यांचे दप्तर.

अनमोडचा घाट उतरून गोव्यात गेले की चित्र बदलते. पोर्तुगीजांनी 1510 साली गोवा शहर जिंकले आणि लिस्बनच्या धर्तीवर तिथे नगरसभा बसवली. तिच्यात कारागीर संघांचे प्रतिनिधीही बसत. युरोपी अर्थाने संघसभागृहाच्या सर्वांत जवळची वास्तू म्हणजे या नगरसभेचे घर. शहर साथींनी ओस पडले, 1843 मध्ये राजधानी पणजीला गेली, आणि जुन्या गोव्यात चर्चे उरली, नगरसभेचे घर उरले नाही. गावोगावच्या गांवकऱ्या, म्हणजे गावाची जमीन सामायिकपणे सांभाळणाऱ्या संस्था, मात्र पोर्तुगीजांच्या आधीपासूनच्या; त्यांचे रीतिरिवाज 1526 मध्ये लिहून घ्यावे लागले, इतके ते राज्यकर्त्यांना गरजेचे होते.

इंग्रजांच्या मुंबईतला टाऊन हॉल मात्र अजून उभा आहे; तो 1833 साली पुरा झाला. कर्नल टॉमस कूपरचा आराखडा, ग्रीक डोरिक खांब, तीस पायऱ्या. आधी लॉटरीतून पैसा उभारायचा प्रयत्न झाला, तो पुरला नाही आणि कंपनी सरकारला भार उचलावा लागला. वास्तू देखणी आहे यात शंका नाही. तरी गोवर्धनाच्या सभेशी तिची तुलना केली की फरक बोचतो. 1 नोव्हेंबर 1858 रोजी याच पायऱ्यांवरून व्हिक्टोरिया राणीचा जाहीरनामा वाचला गेला. लोक खाली उभे राहून ऐकत होते, त्यांना विचारले कोणी नव्हते. मुंबई विद्यापीठाच्या 1862 च्या पहिल्या पदवीदान समारंभाने त्या सभागृहाला निराळे तेज दिले. रानडे आणि भांडारकर त्याच पहिल्या तुकडीतले.

आता पुन्हा काळीच्या खोऱ्यात. इथली गावे विरळ, बरीचशी काळी व्याघ्र प्रकल्पाच्या जंगलात, कुणबी वस्त्यांची. 2006 च्या वनहक्क कायद्याने जमिनीचे आणि जंगलाचे दावे स्वीकारून ठराव करण्याचा पहिला अधिकार ग्रामसभेला दिला आहे. 2012 च्या दुरुस्तीप्रमाणे निम्मे सभासद हजर हवेत आणि हजर असलेल्यांत एक तृतीयांश तरी बायका हव्यात. ही सभा देवळापुढे भरो की शाळेच्या ओसरीवर, दावा सगळ्यांसमोर वाचला जातो, हरकती ऐकल्या जातात आणि ठराव वहीत उतरतो. त्या वहीची एक प्रत गावातच, पावसापासून जपून ठेवलेली असावी. उद्या हरकत निघाली तर उपविभागीय समितीपुढे हीच प्रत ठेवावी लागेल.