शंभर किलोंचा स्वार आणि पुढचा चिमटा

सायकल आपल्या मुलखाची : भाग ७

गेल्या आठवड्यात चाकांचं पाहिलं : तारा किती, रिम कसली, हबमध्ये सुटे छर्रे की बंद बेअरिंग. आता चाक ज्यात बसतं तो भाग. दुकानात त्याला चिमटा म्हणतात, आणि त्यात स्प्रिंग असली की शॉकअप. नव्वद-शंभर किलोंच्या माणसाला गिअरची सायकल विकताना सगळ्यात जास्त कौतुक याच भागाचं होतं, आणि पहिल्या पावसाळ्यानंतर आधी वाजायला लागतो तोही हाच.

"साहेब, तुमची तब्येत पाहता डबल शॉकअपचीच घ्या." हे वाक्य ऐकलं की त्या दुकानातून पाय काढलेला बरा. दहा-पंधरा हजारांच्या सायकलीत मागेही शॉकअप दिला असेल, तर ते पैसे कुठून तरी कापलेले असतात; बहुतेक वेळा पुढच्या चिमट्यातून आणि हबमधून. शिवाय मागचा सांधा हा झिजणारा आणखी एक भाग, आणि वजनदार माणसाखाली तो आधी सैल होतो. मागची बाजू साधी ठेवा आणि वाचलेला पैसा पुढे घाला.

पण पुढे तरी काय घालायचं? त्याआधी आपण कुठे चालवतो ते पाहू. हिमाचलातल्या स्पर्धांचे व्हिडिओ पाहून पोरं दीडशे मिलिमीटर चालीचा शॉकअप मागतात. चाल म्हणजे शॉकअप किती दबतो ते अंतर. आपल्याकडे वाटा कसल्या? पाणंद रस्ते, कालव्याच्या कडेचे मुरमाचे रस्ते, बालाघाटातल्या खडकाळ उतरणी, औशाजवळच्या खरोशाच्या लेण्यांचा परिसर, उदगीरकडचं हत्तीबेट, आणि नांदेडच्या टोकाला माहूर-किनवटचं जंगल. यात दोन मीटरची उडी कुठेच नाही. शंभर मिलिमीटर चाल भरपूर झाली, ऐंशीही चालते. सायकलीचा सांगाडा शंभरच्या हिशेबाने बनवला असेल आणि त्यात एकशेवीसचा चिमटा बसवला, तर पुढची बाजू उचलली जाते, हँडलचा कोन साधारण एका अंशाने मागे कलतो आणि सांगाड्याच्या मानेवर जास्तीचा ताण येतो. हलक्या माणसाला हे खपून जातं. एकशेदहा किलोंच्या माणसाने त्या फंदात पडू नये.

आपल्या भागातला खरा शत्रू म्हणजे चाकोरी. पावसात ट्रॅक्टर गेला की काळ्या मातीत खोल चर पडतात. पुढे ऊन लागून ते सिमेंटसारखे टणक होतात, आणि गाळप सुरू झालं की उसाच्या ट्रॉल्या त्यांना आणखी खोल करतात. त्या चरात पुढचं चाक अडकलं की हँडल वळतं, चाक वळत नाही. मधल्या मध्ये चिमटा पिळला जातो. वरून खाली येणारा हादरा बरेचसे शॉकअप कसेबसे सोसतात, पण या पिळण्यात बारीक नळ्यांचे शॉकअप उघडे पडतात.

म्हणून पहिला आकडा पाहायचा तो नळ्यांच्या जाडीचा. शॉकअपचे वरचे दोन चकचकीत नळे खालच्या पायांत वर-खाली सरकतात. स्वस्त सायकलींत ते अठ्ठावीस मिलिमीटर जाडीचे असतात, बऱ्यापैकी सायकलींत तीस किंवा बत्तीस, आणि महागड्यांत चौतीस ते अडतीस. अठ्ठावीस आणि बत्तीस यांत दिसायला फरक नाही, चार मिलिमीटर म्हणजे काय ते! पण पत्र्याची जाडी तीच ठेवली, तर नळीचा ताठपणा व्यासाच्या घनाच्या हिशेबात वाढतो. अठ्ठावीसचं बत्तीस केलं की चिमटा जवळजवळ दीडपट ताठ होतो, आणि चौतीसला तो पावणेदोनपटीच्याही वर जातो. नव्वद किलोंच्या पुढच्या माणसाने बत्तीसच्या खाली उतरू नये, एकशेदहाच्या पुढे चौतीस शोधावा, हे माझं मत. दुकानदाराला आकडा माहीत नसेल तर व्हर्निअर कॅलिपर लावून मोजायला पाच सेकंद लागतात. कोणत्याही लेथवाल्याकडे तो मिळतो.

तैवानच्या एसआर सनटूर कंपनीचे शॉकअप आपल्याकडच्या मधल्या किमतीच्या सायकलींत सर्रास असतात. त्यांत एक्ससीटी, एक्ससीएम, एक्ससीआर अशी चढती पायरी आहे. एक्ससीटी घरापासून शाळेपर्यंत आणि सपाट कच्च्या रस्त्यापुरता ठीक. वजनदार माणसाचा विचार एक्ससीएमच्या बत्तीस मिलिमीटरच्या प्रकारापासून सुरू होतो. रॉकशॉक्सच्या जूडीत तीसचे नळे असतात, रेकॉनमध्ये बत्तीसचे. दोन्ही नावं सारख्याच कौतुकाने घेतली जातात, पण वजनदार माणसासाठी रेकॉनच. नाव मोठं म्हणून चिमटा जाड असं काही नाही. ही रॉकशॉक्स १९८९ साली अमेरिकेत पॉल टर्नर या माणसाने काढली, आणि त्यांचा पहिला चिमटा मोटरसायकलच्या शॉकअपवरूनच सुचलेला होता. तेव्हा आपले मिस्त्री सायकलचा शॉकअप पाहून "हिरोहोंडासारखाच आहे की" म्हणतात, ते काही चुकत नाहीत.

पाश्चात्त्य देशांत वजनदार खेळाडूंच्या गटाला 'क्लाइड्सडेल' म्हणतात. स्कॉटलंडच्या ओढकामाच्या घोड्याचं नाव ते. आपण बैलांच्या नावाने गट केला असता तर लातूरकरांनी देवणी म्हटलं असतं, नांदेडकरांनी लाल कंधारी, आणि भांडण लागलं असतं.

आता स्प्रिंग. कंपनी सायकल बनवते तेव्हा सत्तर-पंचाहत्तर किलोंच्या आसपासचा माणूस डोळ्यांसमोर असतो. त्या स्प्रिंगवर एकशेपाच किलोंचा माणूस बसला की शॉकअप आधीच बराच दबलेला, मग खड्डा आला की धाडकन तळाला. नुसतं बसल्यावर शॉकअप चालीच्या पंधरा ते वीस टक्के दबावा, म्हणजे शंभर मिलिमीटरला पंधरा-वीस मिलिमीटर. मोजायचं सोपं आहे. नळीच्या तळाशी प्लॅस्टिकचा बारीक पट्टा बांधा, कोणाला तरी सायकल धरायला लावा, नेहमीच्या सॅकसकट हळूच बसा, हळूच उतरा, आणि पट्टा किती सरकला ते पट्टीने मोजा. तीस-पस्तीस आलं, तर ती स्प्रिंग तुमची नाही.

इथे दुकानदार शॉकअपच्या डोक्यावरचं बटण फिरवून देतो आणि म्हणतो, "आता टाइट केलं." ते बटण स्प्रिंग आधीपासून थोडी दाबून ठेवतं, एवढंच. स्प्रिंगची ताकद त्याने वाढत नाही. बसल्यावरचा दबाव चार-पाच मिलिमीटरने कमी दिसेल, पण मोठ्या खड्ड्यात तो पुन्हा तळालाच जाणार. खरा उपाय म्हणजे कडक स्प्रिंग. सनटूरच्या काही शॉकअपना ती वेगळी मिळते, मागवावी लागते. काही स्वस्त शॉकअपमध्ये स्प्रिंगच्या जोडीला रबरासारखा एक दांडा असतो; वर्षं गेली की तो कडक होतो किंवा त्याचा चुरा होतो. अशा शॉकअपमध्ये वजनदार माणसाने पैसे घालू नयेत.

दुसरा मार्ग हवेचा शॉकअप. त्यात स्प्रिंगच्या जागी हवा. वजन वाढलं तर हवा वाढवा. सनटूरचे एपिक्सॉन आणि रेडॉन, रॉकशॉक्सच्या जूडी-रेकॉनचे वरचे प्रकार या जातीतले. वजनदार माणसाला हा प्रकार चांगला, कारण दबत जाईल तसा तो आपोआप कडक होतो, आणि बऱ्याच शॉकअपमध्ये आत प्लॅस्टिकचे छोटे ठोकळे टाकून हवेची जागा कमी करता येते, म्हणजे शेवटचे वीस मिलिमीटर आणखी कडक होतात. मात्र घेण्याआधी शॉकअपच्या पायावरचा तक्ता वाचा. कोणत्या वजनाला किती पीएसआय ते त्यावर छापलेलं असतं. तुमचं वजन त्या तक्त्याच्या शेवटच्या ओळीच्याही खाली जात असेल, तर तो शॉकअप तुमच्यासाठी बनवलेला नाही.

हवेच्या शॉकअपची मराठवाड्यात एक वेगळीच गंमत आहे. डिसेंबरच्या पहाटे दहा अंशांत शंभर पीएसआय भरलेला शॉकअप मे महिन्याच्या दुपारी बेचाळीस अंशांत जवळजवळ एकशेतेराला पोचतो. हवा तीच, उष्णता वाढली की दाब वाढतो. ऋतू बदलला की दाब तपासायचा. आणि तो तपासायचा शॉकअपच्या छोट्या पंपाने, पंक्चरवाल्याच्या कॉम्प्रेसरने कधीही नाही. व्हॉल्व्ह मोटारीचाच असतो, नळी बसते, म्हणून पंक्चरवाला प्रेमाने भरून देतो. शॉकअपमधली हवेची जागा एवढीशी असते की एका दाबात सील उडतं. हा पंप नांदेडात किंवा लातुरात हाताशी नसेल, तर शॉकअपसोबतच मागवा, नाहीतर हवेचा शॉकअप घेऊच नका.

एक्सलकडे लोक बघतच नाहीत. साध्या सायकलीत पुढचं चाक नऊ मिलिमीटरच्या पोकळ दांडीवर असतं आणि खटक्याने आवळतात. वजनदार माणूस डिस्क ब्रेक दाबतो तेव्हा सगळा पिळा एकाच पायावर येतो, आणि त्या बारीक दांडीवर दोन पाय आपापल्या मनाने वाकतात. पंधरा मिलिमीटरचा जाड एक्सल दोन्ही पायांतून आरपार जातो आणि त्यांना एकत्र बांधतो. माहूरचा उतार उतरताना हा फरक हातांना कळतो. मात्र जाड एक्सलचा चिमटा घ्यायचा म्हणजे पुढचा हब, म्हणजे बहुतेक वेळा पुढचं चाकच बदलावं लागतं. तो खर्च आधी धरा. हँडलच्या नळीतून वर जाणारी दांडीही पाहून घ्या. नव्या चांगल्या चिमट्यांना ती वर २८.६ मिलिमीटर आणि खाली दीड इंच अशी निमुळती असते. जुन्या सांगाड्यात ती जाणार नाही. साध्या सरळ नळीचा चिमटा घ्यायचा असेल तर ती दांडी पोलादी असलेली बरी. दोनशे ग्रॅम जास्त लागतात, त्याचं दुःख वजनदार माणसाने करू नये.

अलीकडे बॅटरीच्या सायकलींसाठी वेगळे शॉकअप निघालेत : जाड दांडी, जाड खांदा. त्या सायकली पंचवीस-पंचवीस किलोंच्या असतात, म्हणून कंपनीने ते जास्त वजन धरून केलेले असतात. पायडल मारणाऱ्या वजनदार माणसाने ते लावायला काहीच हरकत नाही. सनटूरचा मोबी हा त्यातलाच.

काळी माती चिकट असते हे आपल्याला कोणी सांगायला नको. शॉकअपच्या दोन पायांना जोडणारी जी कमान टायरच्या वरून जाते, तिच्यात आणि टायरात दोन बोटं जागा नसेल, तर पहिल्या पावसात चिखलाचा लगदा तिथे अडकतो आणि चाक फिरायचं थांबतं. कोरडा झाल्यावर तोच चिखल नळ्यांना घासतो. चिमटा २.४ इंचांच्या टायरला पुरेल असा घ्या आणि त्यात २.१ चा टायर बसवा.

पोलादी नळ्यांवरचा क्रोम पावसाळ्यात बारीक ठिपक्यांनी गंजतो, आणि प्रत्येक ठिपका सील कापत राहतो. ॲल्युमिनियमच्या नळ्या गंजत नाहीत, पण ओरखडा पडला की तिथेही सील फाटतं. दोन्हींना उपाय एकच : फेरीनंतर ओल्या फडक्याने आणि मग कोरड्या फडक्याने नळ्या पुसणं. सीलवर गंज काढायचा स्प्रे मारू नका. आतलं ग्रीस धुऊन जातं आणि धूळ आत ओढली जाते. हवेच्या शॉकअपचे खालचे पाय पन्नास तास चालवल्यावर उघडून तेल बदला, असं रॉकशॉक्स सांगते. साध्या स्प्रिंगच्या सनटूरला खालचे दोन बोल्ट खोलून पाय उतरवायचे, पुसायचे आणि ग्रीस लावायचं. हुशार मिस्त्री अर्ध्या तासात करतो. पण त्याला ते माहीत आहे का, हे शॉकअप घेण्याआधी विचारा. ज्याची दुरुस्ती पुण्या-हैदराबादलाच होते, तो कितीही टिकाऊ असला तरी आपल्याकडे टिकत नाही.

जुनी सायकल घेताय? पुढचा ब्रेक दाबून धरा आणि हँडल मागे-पुढे हलवा. एक बोट सीलपाशी, नळी आणि पाय यांच्या सांध्यावर ठेवा. तिथे खटखट लागली तर आतले बुश झिजलेत, आणि स्वस्त शॉकअपमध्ये ते बदलण्यापेक्षा नवा घेणं परवडतं. खटखट वर हँडलच्या वाटीत असेल तर घाबरू नका, छर्रे-वाटी बदलून काम होतं.

हे सगळं परवडत नसेल तर? मग शॉकअप घेऊच नका, हेच माझं स्पष्ट मत. बिनस्प्रिंगचा पोलादी चिमटा, त्यात सव्वादोन इंची टायर, हवा थोडी कमी. स्वस्त शॉकअपपेक्षा हा एक-सव्वा किलोने हलका, त्यात झिजणारा एकही भाग नाही, आणि कोणत्याही गावातला वेल्डिंगवाला तो ओळखतो. लोहा-अहमदपूरमार्गे नांदेडहून लातूरला जाणाऱ्या डांबरी रस्त्याला, कालव्याच्या कडेला आणि शेताच्या पाणंदीला तो पुरतो. फक्त चिमटा बदलताना उंची जपा. शॉकअपच्या मानाने आखूड चिमटा लावला तर सायकल पुढे झुकते आणि हँडल चंचल होतं, म्हणून लांबी जुळणारा मागवा.

दुकानात जाण्याआधी सॅक, पाण्याच्या बाटल्या आणि सायकल धरून एकूण वजन काट्यावर करून घ्या, आणि त्या वजनाला हा चिमटा चालतो असं कंपनीचं छापील पत्रक दाखवल्याशिवाय पैसे देऊ नका. पुढच्या आठवड्यात ब्रेक.