सत्तेचाळीस अंशांतला गांजा

आमच्या शेजाऱ्याच्या परसात दर उन्हाळ्यात गांजाची 6 झाडं असतात. कॅलिफोर्नियात हे चोरून करावं लागत नाही. नोव्हेंबर 2016 मध्ये मतदारांनी 'प्रॉपोझिशन 64' मंजूर केलं आणि 21 वर्षं पूर्ण झालेल्या माणसाला घरापुरती 6 झाडं लावायची मुभा मिळाली. काही गावांत ती उघड्यावर लावू देत नाहीत, आमच्याकडे चालतं. मी मात्र एकही लावत नाही. अमेरिकेच्या केंद्रीय कायद्याची गांजावरची बंदी उठलेली नाही, आणि नागरिकत्व मागायला गेल्यावर राज्याची परवानगी कामाला येत नाही, हे इमिग्रेशन खात्याने 2019 मध्ये लिहूनच दिलंय. ग्रीन कार्डवाल्याने आपले टोमॅटो सांभाळावेत. (भारतात तर 1985 च्या अमली पदार्थ कायद्याने विनापरवाना लागवड हा सरळ गुन्हा आहे.)

तरी सल्ला मलाच विचारला जातो, कारण मी अकोल्याचा. उन्हातलं मला कळतं असा शेजाऱ्याचा समज. 6 सप्टेंबर 2022 ला सॅक्रामेंटोत पारा 116 फॅरनहाइटवर, म्हणजे जवळपास 47 सेल्सिअसवर गेला. भर दुपारी हा पाइप घेऊन उभा, कारण पानं माना टाकून बसली होती. मी म्हटलं, राहू दे, सकाळी बघ.

गांजाच्या झाडाचं अन्न बनवणं साधारण 30 अंशांवर सगळ्यात जोरात चालतं. त्यापुढे ऊन फार झालं, की पाणी वाचवायला ते पानांवरची रंध्रं मिटतं. कडा वर वळून पान पन्हळीसारखं होतं. दुपारची ही मरगळ बहुतेकदा संध्याकाळी आपोआप जाते. पहाटेही झाड लोंबलेलंच दिसलं तर मात्र मातीत बोट घालायचं. माती कोरडी असेल तर तहान, आणि चिकचिकीत असेल तर अतिपाण्याने मुळं गुदमरलीत. उन्हाच्या भीतीने झाडं बुडवणारेच मी जास्त पाहिलेत.

खरा घोटाळा त्याच्या काळ्या प्लास्टिकच्या कुंड्यांचा होता. पश्चिमेच्या भिंतीशी, सिमेंटवर ठेवलेल्या. त्यांना हात लावला तर चटका बसे, मग आतल्या मुळांचं काय होत असेल? पुढच्या वर्षी त्याने फिक्या रंगाच्या कापडी पिशव्या आणल्या आणि त्या फळ्यांवर ठेवल्या. आमच्या खोऱ्यात उत्तरेकडे भरपूर भात पिकतो. तिथल्या पेंढ्याचा चारेक बोटं थर मातीवर घातला. दुपारपुरतं वर पांढरं शेडनेट, 30 टक्के सावलीचं. त्याहून दाट नको, झाडं उंचच उंच होतात आणि फुलं विरळ येतात. पाणी पहाटे, सावकाश, तळापर्यंत. कडक उन्हाच्या आठवड्यात खत बंद. पाणी उडतं, क्षार मागे राहतात आणि पानांची टोकं करपतात.

एका बाबतीत तो अकोलेकरांहून सुखी आहे. संध्याकाळी इथे खाडीकडून 'डेल्टा ब्रीझ' सुटते आणि रात्री पारा सोळा-सतरावर उतरतो. अकोल्यात मे महिन्यात रात्रीही गादी तापलेली असते. अशा रात्री झाड दिवसभर कमावलेलं श्वसनातच खर्च करतं. दिवसाच्या आकड्यावर सगळे बोलतात, रात्रीचा कोणी विचारत नाही.

अडचणीचा काळ ऑगस्टपासून. दिवस लहान होऊ लागले की हे झाड फुलावर येतं, आणि इथला उकाडा तेव्हा हटलेला नसतो. तापलेल्या फुलातून सुवासिक तेलं उडून जातात; कधी बोंडावर बोंड चढून शेपटासारखे तुरे निघतात. कोरड्या हवेत लाल कोळीही फोफावतो. पानाच्या खालच्या बाजूला बारीक ठिपके आणि जाळी दिसली, की फुलं धरण्याआधीच बंदोबस्त करावा. कडुनिंबाचं तेल दुपारी मारलं तर पान भाजतं, आणि फुलांवर तर ते मारूच नये.

काढणी सप्टेंबरअखेर ते ऑक्टोबर. तीही तो आता उजाडताच करतो, ऊन चढायच्या आत.