जमातींची यादी कोण करतो? ऱ्हाइनकाठापासून मेळघाटापर्यंत

इ. स. 98 मध्ये कॉर्नेलियस टॅसिटस या रोमन इतिहासकाराने ‘जर्मेनिया’ नावाचा छोटा ग्रंथ लिहिला. ऱ्हाइन आणि डॅन्यूब या नद्यांपलीकडच्या लोकांची रोमन वाचकांना ओळख करून द्यावी, हा त्याचा हेतू. तो स्वतः त्या मुलखात फिरल्याचा पुरावा नाही. पण त्या लोकांच्या जुन्या गाण्यांतली एक उत्पत्तिकथा त्याने टिपून ठेवली. भूमीतून तुइस्तो हा देव जन्मला, त्याचा मुलगा मान्नुस आणि मान्नुसला तीन मुलगे. त्या तिघांवरून तीन समूह झाले: समुद्राकाठचे इंगेव्होन, मधल्या प्रदेशातले हर्मिनोन आणि बाकीचे इस्टेव्होन. त्याच्या आधी रोमन लेखक थोरल्या प्लिनीने याच लोकांचे पाच गट सांगितले होते. म्हणजे दोन हजार वर्षांपूर्वीच एकाच लोकसमूहाच्या दोन याद्या होत्या आणि त्या एकमेकींशी जुळत नव्हत्या.

वऱ्हाडात राहणाऱ्याला मातीतून जन्मलेला मूळपुरुष अनोळखी नाही. 1916 साली रसेल आणि हिरालाल यांनी मध्य प्रांतातल्या जमाती-जातींवर चार खंड प्रसिद्ध केले. त्यांत कोरकू जमातीची कथा आहे. सातपुडा ओसाड पडला होता, तेव्हा रावणाने महादेवाला तिथे माणसे वसवायची विनंती केली. महादेवाने कावळ्याकरवी तांबड्या मातीचे वारूळ शोधून काढले आणि त्या मातीच्या दोन मूर्ती घडवल्या. इंद्राच्या घोड्यांनी त्या तुडवून टाकल्या. मग महादेवाने आधी राखणीला कुत्रा घडवला आणि त्यानंतर मुला व मुलई ही पहिली जोडी केली. कोरकूंचा सारा वंश या जोडीचा.

नदीची रेघ, तालुक्याची रेघ

ज्यूलियस सीझरने इ. स. पूर्व पहिल्या शतकात ऱ्हाइन ही सीमा मानली: अलीकडे गॉल, पलीकडे जर्मन. राज्यकारभाराला ही रेघ सोयीची होती. पण गॉलमधल्या बेल्जी लोकांपैकी बहुतेकांचे पूर्वज ऱ्हाइन ओलांडून आलेले आहेत, हे सीझरनेच लिहून ठेवले आहे. नदीने माणसे वेगळी केली नव्हती. सरकारने केली होती.

आपल्याकडेही अशी रेघ ओढली गेली. स्वातंत्र्यानंतर अनुसूचित जमातींची यादी झाली, तेव्हा विदर्भात तिला भौगोलिक मर्यादा घातली गेली. अमरावती जिल्ह्यातला फक्त मेळघाट तालुका तिच्यात बसला. म्हणजे आजच्या चिखलदरा आणि धारणी तालुक्यांतला कोरकू कायद्याने आदिवासी. पण घाट उतरून अचलपूरला किंवा अकोल्यातल्या अकोट-तेल्हाऱ्याकडे राहणारा त्याचा सोयरा आदिवासी नव्हता. भाषा, गोत्र आणि देव तेच असूनही हा फरक होता. 1976 च्या कायद्याने ही क्षेत्रमर्यादा उठवली. तोवर एक पिढी शिष्यवृत्तीविना आणि राखीव जागांविना गेली होती. लोकांची वर्गवारी हा केवळ अभ्यासकांचा विषय नाही. तिच्यावर घराघरांचे भवितव्य ठरते.

भाषेने केलेले गट

एकोणिसाव्या शतकात भाषाशास्त्रज्ञांनी जर्मन लोकांची नवी वाटणी केली: उत्तर, पूर्व आणि पश्चिम. उत्तरेकडून आजच्या नॉर्वेजियन, स्वीडिश आणि डॅनिश भाषा आल्या. पश्चिमेकडून जर्मन, डच आणि इंग्रजी. पूर्व शाखा पूर्ण मेली. तिच्यातली गॉथिक आपल्याला कळते ती मुख्यतः चौथ्या शतकात वुल्फिला या बिशपने केलेल्या बायबलच्या भाषांतरामुळे. 1942 मध्ये फ्रीडरिश माउरर यांनी पुरातत्त्वाच्या आधाराने पाच गट मांडले. टॅसिटसच्या तीन नावांशी त्यांतल्या काहींचा मेळ बसतो, सगळ्यांचा नाही.

भाषेच्या याच कसोटीवर वऱ्हाड पाहिले तर थक्क व्हायला होते. गोंडांची गोंडी द्राविडी कुळातली, म्हणजे तेलुगूची दूरची बहीण. कोरकू मुंडा कुळातली. तिची जवळची नाती झारखंडच्या संथाली आणि मुंडारीशी. मुंडा भाषांतली ही सर्वांत पश्चिमेकडची. 2011 च्या जनगणनेत मध्य प्रदेश आणि महाराष्ट्र मिळून तिचे भाषक सव्वासात लाखांहून अधिक होते. अकोल्याच्या दक्षिणेकडच्या डोंगराळ भागातले आंध जमातीचे लोक मराठीच बोलतात. आणि बुलढाणा जिल्ह्यातल्या जळगाव जामोद तालुक्यात, सातपुड्याच्या पायथ्याशी, निहाली आहे. ती कोणत्याच कुळात बसत नाही.

निहालीचे भाषक दोन-अडीच हजारांच्या घरातले. तिच्यात कोरकू, मराठी आणि द्राविडी शब्दांचा मोठा भरणा आहे. तरीही जवळपास पाव शब्दसंग्रहाचे मूळ कुठेच सापडत नाही. ग्रिअर्सन यांच्या भारतीय भाषा सर्वेक्षणात नॉर्वेच्या स्टेन कोनोव्ह यांनी 1906 मध्ये तिला मुंडा भाषांजवळ बसवले. 1962 मध्ये डच विद्वान कॉयपर यांनी तिचे वेगळेपण तपशिलाने मांडले. पुढे पुण्याच्या डेक्कन कॉलेजमधले के. एस. नागराज यांनी कोरकू आणि निहाली या दोन्ही भाषांवर ग्रंथ लिहिले. टॅसिटसने ज्यांची यादी केली त्या लोकांच्या भाषा बोलणारे विद्वान पुढे आपल्या सातपुड्याची यादी करू लागले, हा इतिहासाचा विलक्षण योग आहे.

आता सरकारी यादी पाहा. महाराष्ट्राच्या अनुसूचित जमातींत निहाल वेगळे नाहीत; कोरकू, बोपची, मवासी यांच्यासोबत ते एकाच नोंदीत आहेत. कोरकूंच्या शेजारी राहून अनेक निहालांनी कोरकूच उचलली, म्हणून ही जोडणी अगदीच निराधार नाही. पण दहा हजारांहून कमी भाषक असलेल्या भाषांची नावे जनगणना स्वतंत्रपणे छापत नाही. त्यामुळे निहाली दोन्ही याद्यांतून निसटते.

लोकांची स्वतःची वाटणी

बाहेरच्यांच्या याद्या अशा बदलत राहिल्या. लोकांची आपली वाटणी मात्र वेगळ्याच पायावर उभी होती. टॅसिटसच सांगतो की सुएबी ही एक टोळी नव्हती. अनेक टोळ्या त्या नावाखाली येत आणि केसांची बाजूला बांधलेली गाठ ही त्यांची खूण होती. 1948 साली उत्तर जर्मनीत ऑस्टरबी इथल्या दलदलीत एका पुरुषाची कवटी सापडली. तिच्यावर ती गाठ जशीच्या तशी टिकून होती. नेर्थुस या भूमिदेवतेला मिळून पुजणाऱ्या सात टोळ्या होत्या. त्यांतल्या अँग्ली टोळीचे नाव पुढे इंग्लंडला मिळाले. त्यांना एकत्र बांधणारा धागा पूजेचा होता.

गोंडांची वाटणीही देवांवरूनच होते. कोणी चार देवांचे, कोणी पाच, सहा किंवा सात देवांचे. सारख्या संख्येच्या देवांची कुळे भाऊबंद, म्हणून त्यांच्यात सोयरीक होत नाही. कोरकूंच्या मवासी, बावरिया, रुमा आणि बोंदोया अशा शाखा आहेत आणि शाखांच्या आत गोत्रे. लढाईत हरून पळताना पूर्वज ज्याच्या आडोशाला लपले, त्यावरून गोत्राचे नाव पडले, असे जुनी कथा सांगते: जांभळीखाली लपले ते जांबू, सागाच्या पानांमागे लपले ते साकोम. आज धारणीच्या बाजारात भेटणाऱ्या जांबेकर, कासदेकर अशा आडनावांत ही गोत्रे नांदत आहेत. सोयरीक जमवताना आजही आधी गोत्र विचारतात; सरकारी नोंद कोणी विचारत नाही.

टॅसिटसनंतर दोन शतकांतच त्याच्या यादीतली बरीच नावे पुसली गेली. फ्रँक, अलामान्नी, सॅक्सन असे नवे संघ उभे राहिले. त्या जुन्या टोळ्यांनी स्वतःविषयी स्वतः लिहिलेले जवळजवळ काहीच उरलेले नाही. जे कळते ते परक्याच्या लेखणीतून. मेळघाटाचे तसे होऊ नये. कोरकू, गोंड आणि निहाल आज आपल्यात आहेत, बोलत आहेत. अमरावती-अकोल्याच्या महाविद्यालयांतल्या मराठी, इतिहास आणि समाजशास्त्राच्या विद्यार्थ्यांनी जळगाव जामोद आणि धारणीला जावे, तिथल्या भूमकांकडून (पुजाऱ्यांकडून) आणि म्हाताऱ्या माणसांकडून गोत्रे, देव आणि कथा त्यांच्याच भाषेत ध्वनिमुद्रित कराव्यात, आणि हे काम त्या समाजांतल्या शिकलेल्या मुला-मुलींच्या पुढाकाराने व्हावे. जनगणनेने निहालीला, तिचे भाषक कितीही थोडे असोत, स्वतःची एक ओळ द्यावी. कोण कोणाचा, हे सांगण्याचा पहिला हक्क त्या लोकांचाच आहे.